मेंदीची उंची

विद्यापीठात ओळखपत्राच्या रांगेत माझ्यापुढे बागेचे माळीकाका होते आणि त्यांच्यापुढे एक विद्यार्थिनी. भिंतीवर आवाराचा नकाशा लावला होता. आवडत्या जागी हिरवी टाचणी लावायची, भीती वाटते तिथे लाल.

"पोरी, माझ्या मेंदीच्या कुंपणाला लाल टाचणी का लावलीस गं?"

"कुंपणाला नाही काका, त्यामागच्या वाटेला."

"चांगली फरशी घातलीय की तिथे! तरी तुम्ही मुली माझी हिरवळ तुडवत जाता. तीनदा गवत लावलं, तीनदा टक्कल पडलं."

"हिरवळीवरून गेलं की कॅन्टीनमधून आम्ही सगळ्यांना दिसतो."

"मला वाटायचं, तुम्हाला घाई असते."

"घाई कसली? हिरवळीवरून उलट लांब पडतं."

"अरे हो, लांबच पडतं की! इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"तुम्ही गवताकडे बघत होतात."

"ती मेंदी माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलीय. बारा वर्षं जपलीय मी."

"सुंदरच आहे, काका. शेजारची हिरवी टाचणीही माझीच आहे."

"बरं, छातीइतकी छाटली तर चालेल?"

"पलीकडे कोणी असला तर तो दिसायला हवा."

"उभा असलेला की बसलेला?"

ती नकाशावरच्या लाल टाचणीकडे बघू लागली.

"सांग ना. कात्री कुठे धरायची, ते मला कळायला नको?"

"बसलेला, काका."

"मग गुडघ्याइतकी," ते म्हणाले आणि खिडकीपाशी नंबर येत आलेला असताना रांग सोडून निघाले.