सातवं गाणं

गायिका : ...पण लोकांना तेच हवंय रे, ढोल्या! सातव्या गाण्यात तुझे ड्रम जिथे थांबले, तिथेच थांबायचं.

ढोल्या : मी थांबलो नव्हतो. बाबांनी खालून दुकानातून हाक मारली, "खाली ये, गिऱ्हाईक आलंय!" आणि तुम्ही शहाण्यांनी ती हाक तशीच अल्बममध्ये ठेवली.

गायिका : मग काय करणार? रेकॉर्डर मागून आणलेला, संध्याकाळी परत द्यायचा. वर माळ्यावर गाद्या भिंतींना लावून आम्ही ताटकळत बसलो. तू दोन तास फिरकलाच नाहीस.

ढोल्या : नवरा-बायको होते. तिला कडक गादी हवी, त्याला मऊ.

गायिका : आज दहा वर्षांनी आमचा बँड कुठेही गेला तरी पोरं ओरडतात, "गिऱ्हाईक आलंय!" एक मुलगी म्हणाली, तो अल्बम ऐकून तिनं नको असलेली नोकरी सोडली.

ढोल्या : वा! ती सुटली, आणि मी इथे उशांना अभ्रे चढवतोय. परवा दोघं आले. गादी नाही, मला बघायला! काउंटरमागे उभं करून फोटो काढला. माकड बरं, त्याला शेंगदाणे तरी मिळतात.

गायिका : म्हणून तर म्हणते, शनिवारच्या कार्यक्रमात वाजवायला ये. पहिल्या अल्बमची दहा वर्षं, आणि तूच नाहीस?

ढोल्या : येतो. पण सातवं गाणं पूर्ण वाजवायचं.

गायिका : लोक हिरमुसतील रे.

ढोल्या : हिरमुसू देत! दहा वर्षं त्या हाकेत अडकून पडलोय मी. एकदा तरी शेवटापर्यंत जाऊ दे गं मला.

गायिका : ...बरं. पूर्ण वाजवू. पण शनिवारी दुकान?

बाबा : मी बघेन.

ढोल्या : बाबा, तुम्ही कधी आलात? आणि तुमचा गुडघा?

बाबा : गल्ल्यावर गुडघा नाही बसत, मी बसतो. ती पोरं मलाही विचारतात, "हाक मारणारे तुम्हीच का?" लाज वाटते रे. मला वाटायचं, नुसती धडधड चाललीय वर. जा तू. या वेळी नाही हाक मारणार.

गायिका : घे! आता बोल, काका स्वतः म्हणतायत.

(ढोल्या काउंटरवर बोटांनी ठेका धरतो. थांबतो. पुन्हा पहिल्यापासून धरतो, पुन्हा तिथेच थांबतो.)

गायिका : काय झालं?

ढोल्या : पुढे काय वाजवायचं होतं गं?