मनीच्या बशीतला मासा

अरे, श्रावणात आमच्या लालबागच्या घरात मासा येत नाही. गेल्या वर्षी आला, तोही मांजरासाठी. म्हाताऱ्या मनीच्या हिरड्या सुजलेल्या. डॉक्टर म्हणाले, "दात काढायला हवेत, पण हिचं हृदय कमजोर आहे. भूल झेपणार नाही. रोज हिरड्यांना जेल लावा, उकडलेला मासा कुस्करून भरवा."

जेल लावताना ओरबाडून घ्यायचं काम माझं. मासा आई नाक दाबून उकडायची. बाबा लगेच म्हणाले, "काटे मी काढतंय." रोज बशी घेऊन ते गॅलरीत बसायचे.

पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "सूज उतरलीय. पण वजन कसं घटलं?"

आईने बाबांच्या मिशीकडे बघितलं.

"उद्यापासून काटे मी काढतलंय," ती म्हणाली.