वेलीला आलेले कोड

सत्यवती भ्रतार शिवराम कुबल, विधवा, वय ४१ वर्षे, धंदा माडबागायत, राहणार रेवंडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.

मी आज ता. १९ ऑक्टोबर १९६२ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे यजमान आगबोटीवर खलाशी होते. सन १९५६ मध्ये त्यांनी मुंबईच्या एका बंगल्यातील माळ्याकडून शोभेच्या वेलीची फांदी बिस्किटांच्या डब्यातून आणली. नाव आयव्ही. पान हिरवे, कडेला पांढरे. आमच्या गावात अशी वेल दुसरी नाही. ती विहिरीच्या सावलीच्या बाजूला लावली. सन १९५९ मध्ये यजमान बोटीवर वारले. त्यांची पेटी तेवढी घरी आली.

मी शाळेत गेलेली नाही. यजमानांची पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत, म्हणून अक्षरे शिकले. शेवटच्या पत्रात वेलीविषयी असे आहे, 'नुसती हिरवी फांदी फुटली तर काढत जा, नाहीतर ती पांढरीला खाऊन टाकेल.' त्याप्रमाणे मी करीत आले.

श्रावणात आई आजारी पडल्याने मी कुडाळला माहेरी गेले. शेजारचे धोंडू आमचे नारळ पाडतात. जाताना त्यांना सांगितले, "वेलीची खराब पाना काढीत रव." काल दुपारी परत आले. वेलीवर एकही पांढरे पान नव्हते. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. काल चूल पेटवली नाही. माझे दीर लवू यांनी धोंडूंना आमच्या आवारातून बोचके नेताना पाहिले होते. ते चोरीची वर्दी देण्यास निघाले तेव्हा मी त्यांना अडवले नाही. ही माझी चूक आहे.

आज सकाळी धोंडूंना ठाण्यात आणल्यावर त्यांची बायको जानकी मला हाताला धरून त्यांच्या परसात घेऊन गेली. म्हणाली, "वयनी, माझो घोव येडो. वेलीक कोड आयला म्हणता. पांढरा दिसला तेवढा कापल्यान. आमच्या मिरवेलीक लागात म्हणून हंय कोपऱ्यात ठेवल्यान."

रोगी वाटली तर टाकून का दिली नाही, असे मी विचारले.

"शिवादादांनी हाडलली वेल. उकिरड्यार टाकूक ह्येचो हात जाय ना."

तेथे सतरा करवंट्यांत माती घालून राखलेल्या फांद्या होत्या. पैकी चौदा जगल्या आहेत. पाने पांढऱ्या कडेची आहेत. मी दोनदा मोजल्या.

ठाण्यात आल्यावर मी धोंडूंना म्हटले, "कोड वेलीक नाय, तुझ्या डोक्याक आयला." ते म्हणाले, "आसात, वयनी. पण जगली मगे?"

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. धोंडू माझ्या सांगण्यावरून आवारात आले होते. त्यांनी फांद्या टाकल्या असत्या तर यजमानांच्या हातचे दारात काही उरले नसते. मी त्यांची आभारी आहे, हे कागदावर यावे. त्यांना आज माझ्याबरोबरच सोडावे. करवंट्या विहिरीकडे न्यायच्या आहेत आणि मला एकटीला त्या होणार नाहीत.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. करवंट्यांपुढे 'चोरीचा माल' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'राखलेल्या फांद्या' असे केले. आता बरोबर आहे. अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती, ती लागली नाही. सही करते.

सत्यवती शिवराम कुबल