आनंदाच्या नावावरचं घर

चंपतराव : एकदा नाही म्हणलं ना वं! बाप असून पोराले मेला म्हणू?

अंजनाबाई : मामाजी, हळू. शामला ऐकून राहिली.

चंपतराव : ऐकू दे. नातीलेबी समजू दे, तिची माय कुकू पुसाले निघाली.

अंजनाबाई : काल घरमालकानं आपली भांडी रस्त्यावर फेकली, तवा आलं का ते कुकू आडवं? उद्या तो कुलूप ठोकते. तुम्हाले अन् वाढत्या पोरीले घेऊन मी काय बर्डीच्या फुटपाथवर झोपू?

चंपतराव : बोर्डाचं घर लागलं म्हणते ना?

अंजनाबाई : सोडतीत लागलं, पण तुमच्या पोराच्या नावानं. जायच्या आधी त्यानंच अर्ज देल्ला होता. ज्याचं कधी घर नव्हतं अशा गरिबाचा पहिला भरणा सरकार करते. मले विड्या वळून जनमभर जमला नसता तो. पण सही त्याची पायजे. बायकोच्या नावानं कराचं तर नवरा मेल्याचं त्याच्या बापानं येऊन सांगा लागते. आज शेवटचा दिवस हाय, मामाजी.

चंपतराव : इतक्या लोकात त्याचंच नाव निघालं. काहून निघालं सांग? आनंदा येऊन राहिला, म्हणून.

अंजनाबाई : ट्रकवर रायपूरले गेला तवा शामला रांगत होती. सात वर्सांत एक कार्ड नाही.

चंपतराव : तुले काय, तुले घर पायजे. मले पोरगा पायजे.

अंजनाबाई : मले नको होता? दोन वर्सं रोज त्याच्या वाटची भाकर झाकून ठेवली. सकाळी तुम्ही खात होते ती. मी बोलली कधी?

चंपतराव : ती भाकर आनंदाच्या वाटची होती?

अंजनाबाई : पाया पडते तुमच्या. माह्या सांगण्यानं भागलं असतं तर कवाच सांगून आली असती. पाप लागलं तर मले लागू द्या.

चंपतराव : उठ. उठ बाई, पाय सोड. …तो आला, अन् इथी दुसरंच बिऱ्हाड दिसलं, तर?

अंजनाबाई : शेजारच्या इंदूबाईले पत्ता देऊन ठेवीन. आपण रस्त्यावर गेलो तर कोणता पत्ता देऊ?

चंपतराव : …माही टोपी दे.

(बोर्डाची कचेरी. कारकून महादेवराव कागद आवरण्याच्या बेतात.)

महादेवराव : आजोबा, मुलगा हयात आहे का?

चंपतराव : लई दिवस झाले साहेब, खबर नाही.

महादेवराव : तसं लिहिता येत नाही हो. आहे की नाही, एवढंच सांगा.

अंजनाबाई : साहेब, जरा दम घेऊ द्या त्यायले. पाणी हाय का?

चंपतराव : पाणी नको. लिवा… नाही म्हणून लिवा.

महादेवराव : बरं. इथं अंगठा करा. किल्ली आज संध्याकाळीच मिळेल. बाई, तुमच्या मयत पतीचं नाव सांगा.

चंपतराव : मी सांगतो ना. तिनं कधी घेतलं नाही नवऱ्याचं नाव.

महादेवराव : घर बाईंच्या नावावर होतंय, आजोबा. त्यांनीच सांगायला हवं.

चंपतराव : …घे बाई. आता घेतलं तरी चालते.

अंजनाबाई : आनंदराव.