एक फूल कमी

टाळेबंदीत बाजार बंद पडले आणि ज्यांचे गुलाब वाया गेले, त्यांना सरकारी मदत मिळणार होती. कामशेतला अर्ज भरायला रांग लागली. रांगेतल्या सारिकानं पुढं उभ्या असलेल्या बेडसे गावच्या रखमाजी-नंदाबाई या नवरा-बायकोला आपलं पेन दिलं. रखमाजी अर्ज भरू लागले, आणि तेव्हापासून तिचा कान तिकडंच होता.

"किती फुलं वाया गेली, आकडा विचारलाय."

"पाच हजार लिवा."

"समदी कुटं? हजारभर तर म्हशीनं खाल्ली."

"म्हशीनं पैसं दिलं का? लिवा पाच हजार."

"आन् कोरोनापायी शाळंत कोंडून ठिवलेल्या मान्सांना रोज जुड्या दिल्या, त्या?"

"त्या बी धरा. इकायलाच लावली व्हती ना?"

"बरं. लिवलं."

"थांबा. एक कमी करा."

"आता एक कशापायी?"

"माझ्या अंबाड्यात खोचलंत ते. चाळीस वर्सांत पयल्यांदा."

"अगं, ते बी इकायचंच व्हतं."

"असू द्या. ते वाया न्हाई गेलं."

"सायेब हसंल."

"हसू द्या."

रखमाजींनी पाच हजारांवर रेघ मारली, वर चार हजार नऊशे नव्व्याण्णव लिहिलं, आणि पेन परत देताना सारिकाकडं बघायचंच टाळलं.