दोन श्रावण आणि एक सरासरी

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मासळी संस्थेच्या प्रमुख वत्सलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, पाहणीसाठी झटलेल्या हिनाताई, चिंचणीच्या माझ्या आयाबहिणींनो, सरावलीहून आलेल्या गिऱ्हाईक मंडळींनो आणि जिच्यासाठी आपण जमलो ती दीपिका, सर्वांना या आत्मारामचा नमस्कार.

संस्थेचा चिटणीस म्हणून निरोपाचे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. पण मंडळी, खरं सांगतो, कालपासून माझा पार गोंधळ उडाला आहे.

दीपिका सफाळ्याकडची. आपलं सरावलीचं सुक्या मासळीचं दुकान तिने उभं केलं. बोंबील न आवडणाऱ्यालाही ती गोड बोलून जवळा बांधून देते, आणि तो माणूस पुन्हा येतो! असं दुकान आपण का बंद करतोय? तर पाहणी केली म्हणून.

हिनाताई संख्याशास्त्र शिकलेल्या. त्यांनी समजावलं, सगळ्या सरावलीला विचारत बसायला नको, नमुना नीट निवडला की पुरे. चाळीतल्या दर पाचव्या खोलीत जायचं, ओळखीपाळखीचं बघायचं नाही. प्रश्न साधा: गेल्या आठवड्यात सुकी मासळी किती वेळा खाल्लीत? आणि हे सगळं श्रावण लागायच्या आधी उरका, ही सूचना मात्र आपल्या कमिटीची. श्रावणात विचारलं तर लोक नाहीच म्हणणार, एवढं आम्हालाही कळतं! त्याबद्दल आम्ही एकमेकांचं कौतुकही करून घेतलं.

उत्तर आलं, सरासरी पाव वेळा. आता पाव वेळा मासळी खाणारा माणूस दिसतो कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. पण त्याच दिवसांत दुकानातही शुकशुकाट होता. तेव्हा आकडा खराच असणार असं धरून आपण दुकान बंद करायचा ठराव केला. दीपिकाने वापीच्या एका कंपनीत नोकरी पाहिली. मला म्हणाली, "काका, मना जावासा नाय वाटत. पन घरात मीच कमावती हाय." 

काल मी निमंत्रणं द्यायला सरावलीच्या चाळींत गेलो. हा समोर बसलेला रामू, दीपिकाचं नेहमीचं गिऱ्हाईक, तिथल्या बहुतेक भाडेकरूंसारखा बिहारहून कामाला आलेला. मला म्हणाला, "दुकान काहे बंद कर रहे हैं, चाचा? सावन तो खतम हो गया, अब तो खाएँगे."

मी म्हटलं, खतम कसा? आमचा तर अर्धा बाकी आहे! मग कळलं, त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि नारळी पौर्णिमेला संपतोही. म्हणजे आपण आपला श्रावण टाळला आणि नेमके त्यांच्या श्रावणात जाऊन विचारून आलो.

काय म्हणालात, वत्सलाताई? "आत्माराम, निरोप दे नि खाली बस." बसतो, ताई. पण निरोप देऊ कसा?

हिनाताई, तुम्ही मान हलवताय ती चूक झाली म्हणून, की मी चुकतोय म्हणून? चूक झाली म्हणताय. बरं. पण तुम्हीच शिकवलंत ना, की एकट्या माणसावरून साऱ्या वस्तीचा अंदाज बांधू नये? रामू तर एकटाच! मग धरायचं काय? चुकीच्या दिवसांतली पाहणी, की बरोबर दिवसांतला एक रामू? मला खरंच कळत नाही. हातची नोकरी सोडून थांब म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही. आणि जा म्हणायला तर त्याहून नाही.

म्हणून माझी विनंती, त्याच खोल्यांत पुन्हा विचारू या, लगेच. श्रावण पाळणारी घरं लागली, आपली असोत की रामूकडची, तर त्यांना त्यांच्या त्यांच्या श्रावणाआधीच्या आठवड्याचं विचारा, म्हणजे पुन्हा तेच नको. दीपिका, वापीवाले आठवडाभर थांबतील का? विचारून बघशील? हो म्हणालीस, जिवात जीव आला. वत्सलाताई, तोवर ठराव बाजूला ठेवावा.

आपण माझी ही उलटसुलट बडबड ऐकून घेतलीत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात मागंपुढं झालं असेल, अध्यक्षांचा मान राखण्यात उणं पडलं असेल, तर घरचा माणूस समजून सांभाळून घ्या. शाल दिलीच आहे, ती राहू दे दीपिकाकडे. निरोपाचं भाषण मी लिहून आणलं होतं, ते खिशातच ठेवतो. ते वाचायची वेळ येऊ नये.