बैठकीतली सायकल

सासरे: बाटली जड लागतेय.

सून: पाण्याची बाटली आहे बाबा, जड लागणारच.

सासरे: सकाळी मीच भरून तुझ्या सायकलला लावली होती. तेव्हा हाताला जेवढी लागली तेवढीच आत्ताही लागतेय. दुसरीचं तर झाकणही हललेलं नाही. जन्मभर वजनमापं खात्यात दुकानदारांचे काटे तपासले, सूनबाई. तिथं भलेभले घाम पुसत उभे राहायचे.

सून: अहो, वाटेत परत भरून घेतल्या मी.

सासरे: लिंबाच्या बियांसकट? ही बघ एक. सकाळी गाळणी सापडली नव्हती म्हणून राहिलेली.

सून: हळू बोला. आत हा आहे.

सासरे: तो आंघोळीला गेलाय. गाणं चालू आहे तोवर वेळ आहे आपल्याला. पंक्चर झालं म्हणून अर्ध्यातून परत आलीस असं त्याला सांगितलंस. मी दोन्ही चाकं दाबून बघितली. माझ्या गुडघ्यांपेक्षा धड आहेत.

सून: पंक्चर नव्हतं. पायात गोळे आले. दोन्ही पोटऱ्या दगड झाल्या. रस्त्याच्या कडेला बसून राहिले आणि शेवटी एका टेम्पोला हात केला.

सासरे: टेम्पोनं आलीस?

सून: सायकल कोबीच्या पोत्यांवर आणि मी ड्रायव्हरशेजारी. तो बिचारा मला विचारत होता, ताई, कुणी मारलं का?

सासरे: पाणी का नाही प्यायलीस? औषधाच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी प्या, पाणी प्या म्हणून सांगतेस. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूसही तुझं पाण्यावरचं व्याख्यान ऐकून जातो.

सून: हात सुटत नाही.

सासरे: काय सुटत नाही?

सून: हात हो. हँडलवरून. बाटली खाली असते, दोन पायांच्या मधल्या दांडीला. एक हात सोडायचा, वाकून ती काढायची, प्यायची आणि परत तिथंच बसवायची. हे सगळं चालत्या सायकलवर. मी नुसता विचार केला तरी हँडल डुलायला लागतं.

सासरे: आणि इथे बैठकीत वर्षभर घटाघटा पितेस ती?

सून: इथे सायकल स्टँडला बांधलेली असते, बाबा. मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सोडला हात तरी पडायचं कुठे? आणि मी वाकतेच कधी? तुम्ही समोर बसून पेपर वाचता आणि बाटली हातात देता.

सासरे: खजूरही देतो. बी काढून.

सून: तोंडासमोर धरून देता.

सासरे: म्हणजे तुला वाटलं, सायकल घेतली की तिच्याबरोबर एक सासरा जोडून मिळतो.

सून: मला काहीच वाटलं नाही, तेच तर झालं. बाहेर चालवली ती थोडी थोडी. तहान लागली की पाय टेकवून प्यायचे. आज पहिल्यांदा एवढं लांब गेले, तेही स्पर्धेला उतरणाऱ्या त्या सगळ्यांबरोबर. एकदा पाय टेकवला, तर बाटली काढायच्या आत माणसं दिसेनाशी झाली.

सासरे: मग स्पर्धेतही थांबून पी. कोण अडवतंय?

सून: घड्याळ अडवतंय. आधी पोहणं, मग सायकल, आणि ती ठरलेल्या वेळेत संपली नाही तर पुढे पळायलाच सोडत नाहीत. मी आहे काठावरची. दर थोड्या वेळानं उतरत बसले तर गेलंच सगळं.

सासरे: आणि कुणी बाहेरून बाटली दिली तर?

सून: बाद करतात.

सासरे: सासऱ्यालाही बाहेरचाच धरतात?

सून: हसवू नका, पोटऱ्या दुखतात. येत्या रविवारी आहे बाबा. मी उद्या आयोजकांना फोन करते, येत नाही म्हणून. याला सांगू, दुकानात माणूस नाही मिळाला.

सासरे: दोन वर्षांपूर्वी कमरेएवढ्या पाण्यात उतरायला भ्यायचीस. तलावाच्या कठड्याला अशी धरून राहायचीस की शिकवणाऱ्या बाईंनी बोटं एकेक करून सोडवली. ते पाणी पार केलंस. आता बाटलीतल्या पाण्यापाशी अडलीस?

सून: तेव्हा निदान कुणी कोबीवर बसवून घरी आणलं नव्हतं.

सासरे: पायातले गोळे गेले का?

सून: गेले बऱ्यापैकी. का?

सासरे: ही बाटली घे. दुसऱ्या हातात ती प्लास्टिकची खुर्ची. सायकल मी घेतो, मागच्या पटांगणात चल. बिघडवलं मी आहे, तर दुरुस्तीही मीच बघतो.

(इमारतीमागचं मोकळं पटांगण. मधोमध खुर्चीवर सासरे. सून त्यांच्याभोवती सायकलच्या फेऱ्या मारते आहे. बोलणं होतं ते ती जवळून जाते तेवढंच.)

सासरे: थांब, थांब. ही एवढी पळते?

सून: अहो, मी हळू चालवतेय!

सासरे: हे हळू?

सून: ऐकू नाही आलं, पुढच्या फेरीला सांगा.

सासरे: म्हटलं, वर्षभर दावणीला बांधलेलं जनावर बघावं तसं हिला बघत होतो. घरघर करायची. मला वाटायचं, मिक्सरच घेतलाय मोठा.

सून: आणि आता?

सासरे: आता आवाजच नाही. नुसता वारा लागला अंगाला आणि तू पलीकडे.

सून: बाबा, मी काय करायचं ते सांगा.

सासरे: हो, ते राहिलंच. हा बघ मी हात पुढे केलाय. बाटली नाही, काही नाही. जाता जाता टाळी देऊन जा.

सून: नाही सुटत.

सासरे: नको सुटू देत. ये फिरून. मला कुठे जायचंय?

सून: नाही हो.

सासरे: दोन बोटं तरी उचललीस, मी पाहिलं. खाली बघू नकोस. माझ्या हाताकडेही नाही, माझ्या तोंडाकडे बघ.

सून: तोंड फार गंभीर केलंय तुम्ही.

सासरे: काटा तपासतानाचं आहे. ये.

सून: लागली का?

सासरे: करंगळी लागली. माशी बसून गेल्यासारखी. परत.

मुलगा: बाबा! गॅलरीतून दिसत नाहीये नीट. पंक्चर निघालं का तिचं?

सासरे: काढतोय. तू आत जाऊन चहा टाक.

सून: घ्या टाळी.

सासरे: आई गं. हात आहे की फळी? बस, अशीच. परत दे. परत. आता बोलत बोलत दे. पोहणं झाल्यावर अंग ओलंच असतं का गं तुझं?

सून: ओलंच. तशीच सायकलवर बसते.

सासरे: आणि दिवस चढेपर्यंत हे असं?

सून: दुपार उलटेपर्यंत.

सासरे: उतरल्यावर लगेच पळायचं?

सून: संध्याकाळपर्यंत. सांगितलंय की तुम्हाला, किती वेळा.

सासरे: सांगितलंस. मी मानही डोलवली. शेजाऱ्यांना सांगून भावही खाल्ला. कळलं मात्र आत्ता, तुझा वारा लागल्यावर.

सून: बाबा, हात मागे का घेतलात? मी सोडला होता माझा!

सासरे: दिसला मला. अख्खं वळण मोकळा होता, आणि तू काही पडली नाहीस. आता मोकळा झालाच आहे तर रिकामा कशाला हिंडवतेस? पुढच्या फेरीला खाली घाल आणि उचल.

सून: डुलतेय.

सासरे: डुलू दे, ती काही माझ्यासारखी म्हातारी नाही. माझ्याकडे बघ. बाटली जिथे आहे तिथेच आहे, तिला कुणी नेत नाही.

सून: लागली हाताला.

सासरे: बोलू नकोस. ये.

सून: काढली. बाबा, काढली.

सासरे: मग आता ती मिरवायची की प्यायची? पी. आणि बघत राहा माझ्याकडे.

सून: बी आली तोंडात.

सासरे: गिळ. रविवारी गाळून देईन. आता परत खाली ठेव, न बघता.

सून: एकदा चुकली. बसली. बसली बरोबर.

सासरे: काढ परत. संपेपर्यंत हेच.

सून: संपली. थांबते आता.

सासरे: दे इकडे. हं. आता हलकी लागतेय.

सून: उद्या मग फोन नको करायला.

सासरे: कशाला त्या लोकांना ऐन स्पर्धेच्या आठवड्यात त्रास? आणि चहाला वर गेलो की नवऱ्याला पंक्चरचं खरं सांगून टाक. कोबीसकट. हसेल आणि सोडून देईल.

सून: सांगते. चला, खुर्ची घेते मी.

सासरे: राहू दे खुर्ची. अजून एक फेरी मार.

सून: आता कशाला? पाणी संपलं की.

सासरे: पाण्यासाठी नाही गं. मला बघायचीये.